काच फुटली, पोलाद टिकले : पर्सी ब्रिजमन आणि दाबाखालचा प्रकाश

बोस्टनला लागून असलेल्या केंब्रिज गावात, हार्वर्ड विद्यापीठाच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, जेफरसन प्रयोगशाळेची विटांची जुनी इमारत आजही उभी आहे. १९०५ च्या सुमारास तेथे तेवीस-चोवीस वर्षांचा एक विद्यार्थी दाबाखाली प्रकाशाच्या वर्तनात काय फरक पडतो, हे पाहण्याच्या खटपटीत होता. त्याच्या उपकरणातील काचेची नळी दाब न सोसून फुटली. नवी नळी येईपर्यंत हात बांधून बसणे त्याच्या स्वभावात नव्हते. दाब निर्माण करणारे यंत्र तर शाबूत होते, तेव्हा त्याचे दुसरे काही करता येईल का, असा विचार करून त्याने नळकांड्याचे तोंड बंद करण्याची एक नवी तऱ्हा बसवली. ती इतकी उत्तम निघाली की प्रकाशाचा मूळ प्रयोग बाजूला पडला तो कायमचाच. त्या विद्यार्थ्याचे नाव पर्सी विल्यम्स ब्रिजमन. पुढची पन्नास वर्षे त्यांनी पदार्थांना पोलादाच्या जाड भिंतींआड कोंडून दाबले, १९४६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्याच कामासाठी मिळवले. आणि आत काय चालले आहे हे मात्र त्यांना डोळ्यांनी जवळजवळ कधीच पाहता आले नाही.

दाबाखालच्या त्या अंधारात पुढे दिवा लागला, तो स्फटिकात अडकलेल्या काही आयनांच्या अनुस्फुरणाने, म्हणजे ज्याला आपण फ्लुओरेसन्स म्हणतो त्या प्रकाशाने. माणकातील क्रोमियम आणि त्यानंतर समेरियम, युरोपियम यांसारखी विरल मृत्तिका मूलद्रव्ये आज उच्च दाबाच्या प्रयोगशाळांत दाबमापक म्हणून वापरली जातात. हा दिवा लागला तेव्हा ब्रिजमन हयात नव्हते. पण ज्या ऐरणींमध्ये तो लागला त्यांची मूळ रचना त्यांची होती, आणि ज्या प्रश्नाचे तो उत्तर होता तो प्रश्नही जन्मभर त्यांच्या मागे लागलेला होता : दाब किती आहे हे आपल्याला नेमके कशावरून कळते?

ब्रिजमन यांचा जन्म २१ एप्रिल १८८२ रोजी केंब्रिजमध्येच झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक अपत्य. वडील रेमंड ब्रिजमन वार्ताहर होते आणि जगाचे एकच शासन असावे या विचाराने भारलेले. त्या विषयावर त्यांनी पुस्तकेही लिहिली. मुलगा मात्र पुढे संस्था, समित्या आणि सामूहिक निर्णय यांच्याविषयी आयुष्यभर साशंक राहिला. बालपण न्यूटन या उपनगरात गेले. १९०० मध्ये ते हार्वर्डमध्ये दाखल झाले आणि त्यानंतर त्यांनी हार्वर्ड सोडलेच नाही. तेथेच १९०८ मध्ये डॉक्टरेट, तेथेच अध्यापन, १९१९ मध्ये प्राध्यापकपद आणि १९५४ मध्ये निवृत्ती. आपल्यापैकी अनेकांनी नोकरीच्या दहा वर्षांत चार शहरे बदललेली असतात. त्यांना हे आयुष्य फार आखूड वर्तुळातले वाटेल. वर्तुळ लहान होते खरे. खोली मात्र अफाट होती.

त्या नव्या तऱ्हेचे मर्म समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. नळकांड्यात द्रव भरून दट्ट्याने दाबला की तो मिळेल त्या फटीतून बाहेर येऊ पाहतो. फट बंद करण्यासाठी मऊ पदार्थाची कडी बसवतात आणि स्क्रूने आवळतात. द्रवाचा दाब त्या आवळण्यापेक्षा वाढला की गळती सुरू होते. ब्रिजमन यांच्या आधीचे संशोधक साधारण ३,००० वातावरणांच्या आसपास येऊन थांबत, ते बहुतेक या गळतीपायीच. ब्रिजमन यांनी अळंबीच्या आकाराचे बूच घेतले. त्याचे रुंद डोके द्रवाच्या बाजूला, दांडा बाहेरच्या बाजूला एका मोकळ्या भोकात, आणि डोक्याखाली दांड्याभोवती मऊ कडी. द्रव डोक्याच्या पूर्ण क्षेत्रफळावर रेटा देतो, पण तो सगळा रेटा कडीच्या त्याहून लहान क्षेत्रफळावर येऊन पडतो. म्हणजे कडीतला दाब द्रवाच्या दाबापेक्षा नेहमी ठरावीक पटीने अधिकच राहतो. द्रव जितका जोर करील, तितकी कडी अधिक घट्ट. गळतीचा प्रश्नच मिटला. आता मर्यादा उरली ती पोलादाच्या ताकदीची.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो. स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा सुमारे एक वातावरण अधिक दाब असतो. मारियाना गर्तेच्या तळाशी, जगातील सर्वांत खोल समुद्रात, तो सुमारे १,१०० वातावरणे भरतो. ब्रिजमन लवकरच ६,५०० पर्यंत आणि मग १२,००० पर्यंत पोहोचले. त्यापुढे त्यांनी नळकांड्याला बाहेरून आधार देण्याच्या युक्त्या काढल्या, पोलादाच्या जागी टंगस्टन कार्बाइड आणले, एक लहान दाबयंत्र दुसऱ्या मोठ्या दाबयंत्राच्या पोटात ठेवून दाबाच्या आत दाब दिला, आणि काही पदार्थांच्या बाबतीत १,००,००० पर्यंत मजल मारली. दरम्यान किती तरी नळकांडी फुटली. फुटलेल्या तुकड्यांकडे ते वाया गेलेला माल म्हणून पाहत नसत. पोलाद कसे तुटते याचाही त्यांनी अभ्यास केला, आणि दुसऱ्या महायुद्धात चिलखती पत्र्यांच्या कामी तो उपयोगी पडला.

या यंत्रांत त्यांनी काय घातले नाही? पाणी घातले. साध्या खोलीच्या तापमानाला सुमारे १०,००० वातावरणांच्या दाबाखाली पाणी गोठते, आणि तयार होणारा बर्फ आपल्या ओळखीचा तरंगणारा बर्फ नसतो. गुस्टाव्ह टामान या जर्मन शास्त्रज्ञाने बर्फाची दुसरी व तिसरी रूपे आधीच शोधली होती. ब्रिजमन यांनी १९१२ मध्ये पाचवे आणि सहावे, तर १९३७ मध्ये सातवे रूप दाखवून दिले. हे सातवे रूप पुरेशा दाबाखाली शंभर अंश सेल्सियसच्या वरही घट्ट राहते. १९१४ मध्ये त्यांनी पांढरा फॉस्फरस २०० अंशांना दाबला आणि उघडल्यावर पाहतात तो काळा, ग्रॅफाइटसारखा दिसणारा, हवेत पेट न घेणारा फॉस्फरस. त्याच वर्षी त्यांनी अंड्याचा पांढरा बलक दाबून पाहिला. सुमारे ७,००० वातावरणांना तो उकडल्यासारखा घट्ट झाला, उष्णता न देता. अमेरिकेतील दुकानांत थंड दाबाने टिकवलेले फळांचे रस आणि ग्वाकामोले मिळतात, त्यांना साधारण याच पातळीचा दाब दिलेला असतो. ब्रिजमन यांना खाद्यउद्योगात काडीचाही रस नव्हता. दाबले की काय होते, एवढेच त्यांना पाहायचे होते.

धातूंच्या त्यांच्या लांबलचक यादीत सिरियमही होते. विरल मृत्तिका गटातील हा मऊ, करडा धातू. १९२७ मध्ये त्यांच्या लक्षात आले की साधारण ७,६०० वातावरणांच्या आसपास सिरियमचे आकारमान हळूहळू कमी न होता एकदम घसरते. पुढे इतरांनी क्ष-किरणांनी पाहिले तेव्हा कळले की ही घसरण सुमारे सोळा टक्के आहे आणि तरीही अणूंच्या मांडणीची जात बदलत नाही. घराचा नकाशा तोच, फक्त सगळ्या खोल्या एका क्षणात आखडल्या, असा हा प्रकार. त्याचे कारण सिरियमच्या आतल्या, ४एफ नावाच्या कक्षेतील एकुलत्या एक इलेक्ट्रॉनाच्या वागण्यात आहे, एवढे आज सर्वमान्य आहे. त्याचा तपशील अजूनही वादाचा आहे. या ४एफ इलेक्ट्रॉनांकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे. ब्रिजमन यांच्यापुढे त्या दिवशी होती ती फक्त तक्त्यातली एक उडी.

कारण त्यांच्याकडे साधने होती ती आंधळ्याच्या काठीसारखी. दट्ट्या किती आत गेला यावरून आकारमान काढायचे, आत सोडलेल्या तारेवरून विद्युतरोध मोजायचा, आणि त्या आकड्यांवरून आतल्या घटनांचा तर्क करायचा. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. डॉक्टरेटचा त्यांचा प्रबंधच पाऱ्याच्या विद्युतरोधावरून दाब कसा मोजावा यावर होता. पुढे त्यांनी मँगॅनिन या मिश्रधातूची तार दाबमापक म्हणून रूढ केली, आणि शून्य अंशाला पारा गोठतो तो दाब हा खुणेचा दगड ठरवला. त्यांचा आकडा होता दर चौरस सेंटिमीटरला ७,६४० किलोग्रॅम. आजचा स्वीकृत आकडा त्याहून साधारण एक टक्क्याने जास्त आहे. १९११ सालच्या हातकामाला एक टक्क्याची चूक म्हणजे शाबासकीच होय.

हातकाम हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. ते स्वतः लेथवर उभे राहत. मोठा सहायकवर्ग त्यांनी कधी बाळगला नाही, विद्यार्थीही मोजकेच घेतले आणि समित्यांच्या बैठका शक्यतो टाळल्या. उन्हाळ्यात न्यू हॅम्पशायरमधील रँडॉल्फ येथील घरी जाऊन डोंगर चढणे, बागकाम आणि लेखन. १९१२ मध्ये त्यांचा विवाह ऑलिव्ह वेअर यांच्याशी झाला. अटलांटा विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष एडमंड वेअर हे ऑलिव्ह यांचे वडील. या दांपत्याला एक मुलगी व एक मुलगा झाला. प्रयोगांवरील त्यांच्या निबंधांची संख्या दोनशेच्या घरात जाते, आणि त्यांतील बहुतेकांवर लेखक म्हणून एकट्याचेच नाव आहे. आजच्या वीस-वीस नावांच्या शोधनिबंधांची सवय झालेल्या वाचकाला हे विलक्षण वाटेल.

१९२५ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिचा दाबाशी थेट संबंध नाही. धातूंचे गुणधर्म नीट मोजायचे तर एकसंध स्फटिक हवेत; म्हणून वितळलेला धातू भट्टीच्या उष्ण भागातून थंड भागात अगदी सावकाश उतरवत नेऊन टोकापासून एकच स्फटिक वाढवण्याची पद्धत त्यांनी वापरली. पुढे डोनाल्ड स्टॉकबार्गर यांनी तिच्यात सुधारणा केली आणि आज ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. कॅल्शियम फ्लुओराइडचे आणि विरल मृत्तिका मिसळलेल्या हॅलाइडांचे मोठे पारदर्शक स्फटिक याच पद्धतीने वाढवतात. गॅमा किरण टिपणारे सिरियमयुक्त लँथॅनम ब्रोमाइड हे त्यांतले एक. म्हणजे ज्या स्फटिकांत हे आयन चमकतात, त्यांतले कित्येक वाढवण्याची रीतही याच माणसाची.

इतक्या मोजमापांतून गेलेल्या माणसाच्या मनात मोजणे म्हणजे काय हा प्रश्न उठला नसता तरच नवल. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेने काळासारख्या अनादी कल्पनेलाही हादरा दिला होता. ब्रिजमन यांना वाटे की भौतिकी पुन्हा अशी बेसावध सापडता कामा नये. १९२७ मध्ये आलेल्या द लॉजिक ऑफ मॉडर्न फिजिक्स या पुस्तकात त्यांनी आग्रहाने मांडले की एखाद्या राशीचा अर्थ ती मोजण्याच्या कृतीतच असतो. लांबी म्हणजे पट्टी लावण्याची कृती. ताऱ्यांमधले अंतर पट्टीने मोजता येत नाही, प्रकाशाने मोजतात. तेव्हा काटेकोर बोलायचे तर ती दुसरीच कल्पना झाली, दोन्हींचे आकडे जुळतात म्हणून आपण एक नाव वापरतो इतकेच. हा विचार मानसशास्त्रात आणि समाजशास्त्रांत वाऱ्यासारखा पसरला, आणि तेथे त्याचे जे झाले ते पाहून ब्रिजमन पुढे अस्वस्थच झाले. तत्त्वज्ञांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले आणि त्यांतले काही खरे आहेत असे मलाही वाटते; मोजण्याची प्रत्येक रीत वेगळी कल्पना मानली तर विज्ञानाचे तुकडेतुकडे होतील. पण हा विचार आरामखुर्चीत सुचलेला नाही, हे विसरू नये. तो लेथवर सुचलेला आहे. मुक्त दट्ट्याने मोजलेला दाब, मँगॅनिनच्या तारेने मोजलेला दाब आणि पाऱ्याच्या गोठण्याने ठरवलेला दाब एकच आहेत का, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता.

आणि तो प्रश्न त्यांच्यावर उलटलाही. त्यांच्याच दोन वेगवेगळ्या उपकरणांनी बेरियममधील एकाच बदलासाठी एकदा सुमारे ६०,००० आणि एकदा सुमारे ८०,००० असे आकडे दिले. पहिला आकारमानावरून आला होता, दुसरा सपाट ऐरणींमध्ये दाबलेल्या तुकड्याच्या विद्युतरोधावरून. नंतर इतर प्रयोगशाळांनी तपासले तेव्हा आकारमानाचाच आकडा सत्याच्या जवळचा ठरला, आणि विद्युतरोधावर बांधलेली वरची सगळी मोजपट्टी खाली ओढावी लागली. ऐरणींवर टाकलेले बळ भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब, हे गणित सरळ दिसते. पण ऐरणीच्या कडेला आणि मध्यभागी दाब सारखा नसतो, आणि आत डोकावून पाहण्याची सोय नव्हती.

ब्रिजमन यांच्या सार्वजनिक भूमिकांकडे थोडे वळतो, कारण परदेशात राहून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यांतली एक टोचते. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी सायन्स या साप्ताहिकात जाहीर निवेदन दिले. हुकूमशाही राष्ट्रांच्या नागरिकांना आपण यापुढे आपली उपकरणे दाखवणार नाही आणि त्यांच्याशी आपल्या प्रयोगांची चर्चा करणार नाही, असा त्याचा आशय होता. अशा राष्ट्राचा नागरिक स्वतंत्र माणूस उरत नाही, त्याचे ज्ञान राज्य केव्हाही हत्यारासारखे वापरू शकते, हे त्यामागचे कारण. हिटलरच्या सावलीत लिहिलेले ते निवेदन समजू शकते. तरीही पासपोर्ट पाहून प्रयोगशाळेचे दार उघडायचे की नाही हे ठरवणे, आणि तेही व्यक्तीच्या सचोटीला सर्वांत वर मानणाऱ्या माणसाने, ही विसंगती आहे. छळाला कंटाळून पळालेला संशोधकही त्याच पासपोर्टावर येतो. ब्रिजमन यांना ही अडचण दिसली नसेल असे नाही. त्यांनी निर्णय घेतला आणि उघडपणे सांगितला. आडून काही केले नाही.

युद्धकाळात त्यांनी अणुबाँबच्या प्रकल्पासाठी युरेनियम आणि प्लुटोनियम दाबाने किती आकसतात ते मोजले. त्या प्रकल्पाच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे प्रमुख रॉबर्ट ओपनहायमर हे एके काळचे त्यांचेच विद्यार्थी. हार्वर्डमध्ये ओपनहायमर त्यांच्या प्रयोगशाळेत काम करत असत. पुढे त्यांच्यासाठी रुदरफर्ड यांना लिहिलेल्या शिफारसपत्रात ब्रिजमन यांनी मुलगा अत्यंत बुद्धिमान आहे पण प्रयोगशाळेत त्याचा हात चालत नाही, हे न लपवता कळवले होते. १९५५ मध्ये अण्वस्त्रांच्या धोक्याविषयी रसेल आणि आइन्स्टाइन यांच्या पुढाकाराने निघालेल्या जाहीरनाम्यावर ज्या अकरा जणांच्या सह्या आहेत, त्यांत ब्रिजमन यांची आहे.

एक गोष्ट त्यांना साधली नाही : हिरा. ग्रॅफाइट दाबून हिरा करायचा हे प्रत्येक दाबवाल्याचे स्वप्न. ब्रिजमन यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले आणि ग्रॅफाइट बधले नाही. डिसेंबर १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांना ते जमले. तेथे दाबाच्या जोडीला प्रचंड तापमान आणि कार्बन विरघळवणारा वितळलेला धातू होता. नियतीचा खेळ असा की ब्रिजमन यांच्या विद्येचे पुढचे पर्व हिऱ्यानेच उघडले, फक्त दाबाखालची वस्तू म्हणून न येता तो दाब देणारी ऐरण होऊन आला.

वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय मानके संस्थेत वियर, लिपिन्कॉट, व्हॅन व्हाल्केनबर्ग आणि बंटिंग या चौघांनी १९५८-५९ मध्ये दोन हिऱ्यांची सपाट घासलेली टोके समोरासमोर ठेवून त्यांच्यामध्ये नमुना दाबला. त्यासाठीचे हिरे सरकारने तस्करांकडून जप्त केलेले होते. ब्रिजमन यांच्या समोरासमोरच्या ऐरणींचीच ही रचना, पण ऐरण आता पारदर्शक झाली. इलिनॉय विद्यापीठात हॅरी ड्रिकॅमर यांनी पोलादी उपकरणाला साध्या मिठाच्या खिडक्या बसवून प्रकाश आत नेला होताच. तरी तळहातावर मावणारे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येणारे, आणि पाणी गोठताना प्रत्यक्ष दाखवणारे यंत्र हे काही निराळेच होते.

ब्रिजमन तेव्हा सत्त्याहत्तरीला आले होते. लवकरच त्यांना कर्करोग झाला, तो हाडांत पसरला आणि वेदना असह्य झाल्या. हार्वर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयातून त्यांच्या प्रयोगनिबंधांचे सात खंड निघायचे होते. त्यांची सूची त्यांनी अखेरच्या दिवसांत पूर्ण केली. २० ऑगस्ट १९६१ रोजी रँडॉल्फच्या घरी त्यांनी स्वतःच्या हाताने जीवन संपवले. मागे ठेवलेल्या चार ओळींत तक्रार होती ती समाजाविषयी : मरणासन्न माणसाला हे एकट्याने करायला लावणे शोभत नाही, अशा अर्थाची. असाध्य रोग्याच्या अखेरीविषयीच्या अमेरिकेतील वादात त्या ओळींचा उल्लेख आजही येतो. खंड १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले.

हिऱ्यांच्या यंत्रात आत दिसत होते, पण दाब किती हे अजूनही नीट कळत नव्हते. मँगॅनिनची तार केसाएवढ्या जागेत बसवायची कशी? १९७२ मध्ये त्याच मानके संस्थेतील फॉरमन, पियरमारिनी, बार्नेट आणि ब्लॉक यांनी नमुन्याशेजारी माणकाचा एक कण ठेवला आणि त्यावर प्रकाश टाकला. माणकातील क्रोमियमच्या आयनाने हिरवा वा निळा प्रकाश शोषला की त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, थोडी ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांत गमावतो आणि खाली येताना ६९४.२ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद लाल प्रकाश सोडतो. दाब वाढला की ही रेषा आणखी तांबड्याकडे सरकते, दर गिगापास्कलला, म्हणजे सुमारे १०,००० वातावरणांना, ०.३६५ नॅनोमीटर. वर्णपटमापकाने रेषा कुठे आहे ते पाहायचे, की दाब कळला. ब्रिजमन यांना जे आकडे काढायला अवजड यंत्रांपुढे दिवस घालवावे लागत, ते आता काही सेकंदांत मिळू लागले.

माणकात एक खोड आहे. तापमान वाढले तरी त्याची रेषा सरकते. पन्नास अंशांची वाढ जवळजवळ एका गिगापास्कलइतका धोका देते. भट्टीत तापवलेल्या नमुन्यांसाठी, पृथ्वीच्या पोटातील परिस्थिती उभी करताना, हे चालत नाही. येथे विरल मृत्तिका कामी येतात. त्यांचे ४एफ इलेक्ट्रॉन कांद्याच्या आतल्या पाकळीसारखे, बाहेरच्या भरलेल्या कवचांच्या आड असतात. शेजारचे ऑक्सिजन वा फ्लुओरिनचे अणू धडपडले तरी आत त्याचा आवाज मंदच पोहोचतो. म्हणून त्यांच्या रेषा बारीक असतात आणि उष्णतेने फारशा हलत नाहीत. स्ट्राँशियम टेट्राबोरेटमध्ये बसवलेल्या द्विसंयुजी समेरियमची ६८५.४ नॅनोमीटरची रेषा दाबाने दर गिगापास्कलला सुमारे ०.२५ नॅनोमीटर सरकते आणि तापमानाने जवळजवळ सरकतच नाही. इट्रियम ॲल्युमिनियम गार्नेटमधील समेरियमही असाच भरवशाचा.

पण आड असणे म्हणजे बहिरे असणे नव्हे. दाबाने शेजारी जवळ आले की आयनाचा इलेक्ट्रॉनमेघ त्यांच्याशी थोडा अधिक वाटला जातो, ४एफ इलेक्ट्रॉनांमधले परस्परांचे अपकर्षण किंचित सैलावते, ऊर्जापातळ्या एकमेकींकडे सरकतात आणि प्रकाश तांबड्याकडे झुकतो. त्याच वेळी स्फटिकाच्या विद्युत क्षेत्राचा जोर वाढून एकाच पातळीचे फाटे एकमेकांपासून दूर जातात. प्रकाश सोडायला लागणारा वेळ बहुधा कमी होतो. आयन एकमेकांजवळ आल्याने ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे निसटते आणि चमक मंदावते. त्रिसंयुजी युरोपियमची गंमत आणखी वेगळी. त्याची जागा सममित असेल तर ५९० नॅनोमीटरजवळची नारिंगी रेषा ठळक असते. जागा वाकडी झाली की ६१२ जवळची लाल रेषा उसळते. या दोहोंचे प्रमाण पाहून दाबाखाली आयनाभोवतीची मांडणी कशी बिघडली किंवा सुधरली, याचा अंदाज बांधता येतो. सिरियमचे त्रिसंयुजी आयन आणि युरोपियमचे द्विसंयुजी आयन यांत तर वर चढलेला इलेक्ट्रॉन बाहेरच्या ५डी कक्षेत जातो, आडोसा सोडून उघड्यावर येतो. त्यांचा रंग दाबाने खूपच बदलतो.

न्यू जर्सीतील बेल लॅबोरेटरीजमध्ये ए. जयरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये समेरियम सल्फाइड दाबले. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेले हे जयरामन उच्च दाबाच्या क्षेत्रातील मोठे नाव. काळे समेरियम सल्फाइड सुमारे ६,५०० वातावरणांना धातू होते, आणि उजेडात पाहिले तर सोनेरी दिसते. हा दाब ब्रिजमन यांच्या आवाक्यात तरुणपणीच आला होता. त्यांच्या नळकांड्यात हाच तुकडा असता तर त्यांना विद्युतरोधातली उडी सापडली असती. सोने दिसले नसते. पुढे हिऱ्याच्या ऐरणी मुंबईतही पोहोचल्या. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात उच्च दाब भौतिकीचे स्वतंत्र काम दीर्घकाळ चालत आले आहे.

माणकाची रेषा मात्र स्वतःहून दाब सांगत नाही. ती कोणत्या दाबाला कुठे असते हे आधी दुसऱ्या कशावरून तरी ठरवावे लागते : तांबे, सोने यांसारख्या धातूंची आकारमाने क्ष-किरणांनी मोजून, आणि त्या धातूंचे गुण आघातलहरींच्या प्रयोगांवरून काढून. फार वरच्या दाबांना या मोजपट्ट्यांमध्ये काही टक्क्यांचा फरक पडत आला आहे. त्यावर तोड म्हणून २०२० मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी माणकासाठी एक सामाईक मोजपट्टी सुचवली. तरीही उच्च दाबावरील कोणताही जबाबदार शोधनिबंध उघडला की दाबाच्या आकड्याशेजारी तो माणकावरून मोजला की समेरियमवरून, आणि कोणत्या वर्षीच्या मोजपट्टीने, हे लिहिलेले आढळते.